न ओलांडलेला ओढा

निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललात?’ असं विचारू नये, अशी आपल्यात पद्धत आहे. मी विचारते. चांगलं ठणकावून विचारते. रिक्षा दारात उभी असो, एक पाय उंबऱ्याबाहेर पडलेला असो, नवी नवरी सासरी निघालेली असो, मी विचारणारच. सुनेनं पहिल्या वर्षी कपाळाला हात लावून पाहिला, मग नाद सोडला. शेजारच्या वैनी तर मी ओट्यावर बसलेली दिसले की मागच्या दारानं बाजारात जातात म्हणे. जाऊ देत बापड्या. मला अपशकुनी म्हणा, खवचट म्हणा. ऐंशीच्या घरात आलेय, आता सुधारायचा माझा काही इरादा नाही.

भाद्रपद लागला की माझं हे दुखणं जास्तच बळावतं. सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी सातपासून मोटरसायकली फुरफुरायला लागतात. ‘चल ना भिया, कित्ती देर!’ अशा हाका सुरू होतात. पोहे-जिलबी चापून ही सगळी वरात महूच्या रस्त्यानं धबधब्यांकडे सुटते. परवा माझी नात ईशाही निघाली. पाठीला पिशवी, पायात पांढरेशुभ्र बूट, घोटीव कातळावर पहिल्या पावलाला घसरतील असे.

“कुठे?” मी विचारलं.

“आजी यार, झाली तुझी सुरुवात! बस, फ्रेंड्सबरोबर वॉटरफॉल बघून येते. शाम तक वापस.”

“कुठला? कुठल्या वाटेनं? मधे ओढा लागतो का? लागत असेल तर अलीकडे बसणार की पलीकडे जाणार?”

“मोबाइलवर लोकेशन पाठवते ना तुला. लाइव्ह. बघत बस दिवसभर.”

“तुझ्या मोबाइलला पाण्याचा रंग कळतो का गं?”

ती हसली. पण पोरगी गुणाची. चपलांच्या कपाटावर टेकून तिनं जागा, वाट, सोबतच्या पाच जणांची नावं, सगळं सांगितलं आणि मगच गेली. मी कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून घेतलं.

आता ही खोड मला कुठून लागली ते सांगते. गोष्ट मध्यभारतातली. मध्यभारत म्हटलं की आजची मुलं हवामानाचा अंदाज ऐकल्यासारखा चेहरा करतात. आमचं एक राज्य होतं बाबांनो त्या नावाचं, महाराजांची राज्यं गेल्यावर आणि मध्यप्रदेश व्हायच्या आधी, मोजून काही वर्षं. त्याला राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्या-पावसाळ्यात इंदूर. माझे वडील, म्हणजे अण्णा, सरकारी दफ्तरात हेडक्लार्क. वर्षातून दोनदा ते फायलींच्या पेट्यांबरोबर या गावाहून त्या गावी जायचे आणि एक कागद इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत. वेळेचे इतके पक्के की मल्हारगंजातला पानवाला त्यांना बघून दुकानातलं घड्याळ लावायचा. आमचं घर मल्हारगंज आणि बडा गणपतीच्या मधल्या एका बोळात होतं. आत्ता तिथे काय आहे ते मी बघायला जात नाही.

इंटरला मला कॉलेजात घातलं तेव्हा अण्णांनी एकच अट सांगितली होती. “दिवे लागायच्या आत घरात. एक दिवस चुकलीस, तर दुसऱ्या दिवशी जाऊन नाव काढून आणीन.” अण्णा धमकी देत नसत, ते कळवत असत. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली मुलगी. ते नाव म्हणजे माझं सर्वस्व होतं हो. वहीवर कॉलेजचं नाव लिहिताना मी जीभ बाहेर काढून अक्षर कोरायची.

तर तो भाद्रपद. पुण्या-मुंबईची माणसं पावसाळा म्हणजे श्रावण समजतात. माळव्याचा खरा पावसाळा भाद्रपदातला. काळी माती पिऊन पिऊन फुगलेली, चपलेला धरली की सोडत नाही. गल्लीगल्लीत भुट्ट्याचा कीस शिजतोय, त्यात दूध आणि हिंग पडल्याचा वास कपड्यांना लागतोय. गणपती बसलेले. मिलमधले कामगार अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीचे देखावे, बांधायला लागलेले आणि त्यांच्या हातोड्यांचा आवाज दुपारभर येतोय. अशा दिवसांत माळव्यातला माणूस घरात राहत नाही. तो डाळ, कणीक, तूप आणि शेणाचे कंडे पिशवीत भरतो आणि पाणी असेल तिथे जाऊन कणकेच्या गोळ्यांचे बाफले भाजतो. त्याला इथे गोठ म्हणतात. माणसं बारा महिने कशाची तरी गोठ करायला टपलेली असतात, भाद्रपदात फक्त कारण लागत नाही.

आम्ही चौघी मैत्रिणींनी ठरवलं, आपली गोठ आपण करायची. भाऊ नको, काका नकोत, मास्तर नकोत. मी, शांता आणि आणखी दोघी. मीटरगेजची सकाळची गाडी पकडायची, महूच्या पुढे पाताळपाणीला उतरायचं आणि तिथून आत दोन कोसांवरच्या एका कुंडापाशी जायचं. त्या कुंडाचं नाव मी सांगणार नाही. आधीच तिथे कमी कचरा नाही.

घरी काय सांगितलं? काहीच नाही! तीच तर गंमत. मी आदल्या दिवशी म्हटलं, “उद्या मैत्रिणींची गोठ आहे.” अण्णा म्हणाले, “किती वाजता परत?” मी म्हटलं, “पाचच्या गाडी—” आणि जीभ चावली. “पाचच्या सुमाराला निघू तिथून, दिव्यांच्या आधी घरात.” सकाळी निघताना आईनं हातावर दही ठेवलं. कुठे, ते कुणी विचारलं नाही. निघणाऱ्याला विचारत नाहीत ना! आईनं मनात धरलं असेल, गावातलीच एखादी बाग. चारी घरांत तसंच झालं. आम्हा मुलींना हे पक्कं ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या रिवाजाचा आम्ही भरपूर फायदा उठवत होतो. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, सांगितलं असतं तर सोडलंच नसतं. न विचारणं ही आमची खिडकी होती आणि आम्ही तिच्यातून रोज बाहेर पडत होतो.

गाडी पाताळपाणीला बराच वेळ थांबायची, पुढे घाट म्हणून ब्रेक तपासत. इंजिनाची वाफ, ओल्या सागाचा वास आणि कोळशाचे कण डोळ्यांत. आम्ही उतरलो आणि जनावरांच्या पायवाटेनं चालायला लागलो. पाडा संपतो तिथे एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती. पायांत चांदीची जाड कडी, लुगडं गुडघ्यापर्यंत. तिनं हसून विचारलं, “कां जई री हो बई?”

म्हणजे, कुठे चाललात? झालं! शांता जागच्या जागी थबकली. “निघाल्या निघाल्या कुठे विचारलं मेलीनं!” ती कुजबुजली. मग काय, अपशकुन मोडायला आम्ही चौघी शहाण्या एका दगडावर बसलो, तांब्यातलं पाणी प्यालो, मनात गणपतीचं नाव घेतलं आणि तिच्याकडे न बघता, तिला काही न सांगता चालू पडलो. ती बाई बघतच राहिली. आज आठवलं तरी माझे कान गरम होतात. ती बिचारी वाट सांगायला थांबली होती. कुठला ओढा कसा चढतो, कुठून फिरून यायचं, हे त्या सबंध मुलखात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि आम्ही कॉलेजच्या मुली शकुन-अपशकुन करत बसलो.

कुंडाच्या अलीकडे एक ओढा लागायचा. घोट्याएवढं पाणी, मधे सात-आठ दगड. टुणटुण उड्या मारत पलीकडे गेलो. धबधबा समोर. काय सांगू कसा होता, धबधबा हा सांगायचा विषयच नाही. चेहऱ्यावर येणारं बारीक पाणी, आणि बोललेलं ऐकू येत नाही म्हणून आपण उगाच हसत राहतो, तेवढं आठवतं. मी कातळावर अनवाणी चालले. काळा, चकचकीत दगड दगा देतो आणि खडबडीत तपकिरी दगड धरतो, हे तळव्यांना आपोआप कळलं. पोपडे आलेल्या दगडांची चूल केली. कंडे कोरडे राहिले होते, आईनं मेणकापडात बांधून दिले होते. बाफले एका बाजूनं करपले, एका बाजूनं कच्चे. डाळीत मीठ विसरलो. तुपात बुडवून बुडवून खाल्लं. आयुष्यात इतकं चांगलं जेवण पुन्हा झालं नाही, आणि माझी सून उत्तम स्वयंपाक करते हे मी तिच्या देखत लिहिते आहे.

डोक्यावर आभाळ निळं होतं. चूक तिथेच झाली. आम्ही आपल्या डोक्यावरचं आभाळ बघत होतो, आणि पाऊस पडत होता वर, जिथून पाणी येतं तिथे.

तीनच्या सुमाराला परत ओढ्यापाशी आलो. दगड दिसेनात. एकही नाही. पाणी चहासारखं लाल झालेलं, त्यावर फेस आणि पालापाचोळा. आवाज बदललेला, सकाळची खुळखुळ जाऊन आता खालून दगड गडगडत असल्यासारखा घोगरा आवाज. पाणी किती होतं? प्रामाणिकपणे सांगते, मला माहीत नाही. गुडघ्याएवढं असेल, कमरेएवढं असेल. तळ दिसत नव्हता, इतकंच मला माहीत होतं.

आमच्यासारखीच गोठीला आलेली सहा-सात पुरुषांची टोळी तिथे होती. धोतरं खोचली, एकमेकांचे हात धरले आणि ‘जय हो’ करत उतरले. मधे एकाचा पाय सरकला, बाकीच्यांनी ओढला, सगळे हसले आणि पार झाले. पलीकडून एक जण ओरडला, “आ जाओ बेन! कुछ नी होता! हम पकड़ लेंगे!”

शांता साडी खोचायला लागली. “चल कुमे. पाचच्या आत स्टेशन गाठायचंय.”

मी म्हटलं, “मी नाही येणार.”

“म्हणजे?”

“पाणी उतरेपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्हीही नाही जायचं.”

“आणि गाडी? तुझं कॉलेज जाईल कुमे! अण्णांनी काय सांगितलंय तुला? मला घरी काठीनं बडवतील ते वेगळंच.”

माझं कॉलेज जाईल हे तिनं मला सांगायला नको होतं. ते पाण्यापलीकडे मला स्पष्ट दिसत होतं. पण आणखी एक गोष्ट दिसत होती. आमच्या डाव्या हाताला, याच काठावर, चार म्हशी उभ्या होत्या. रोजची वाट त्यांची. घर पलीकडे नसेल, पण चरायला त्या रोज तिथूनच जायच्या हे खुरांच्या ठशांवरून कळत होतं. त्या पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि एकही खाली पाय टाकत नव्हती. म्हशीला पोहता येतं. मला येत नव्हतं. मी शांताचा पदर हाताला गुंडाळून घेतला आणि खाली फतकल मारली. “जायचं असेल तर पदर सोडून जा,” म्हटलं. बाकीच्या दोघी माझ्यामागे येऊन बसल्या.

पलीकडची माणसं थोडा वेळ थांबली, मग हसत हसत निघून गेली. ‘डर गई’ एवढं ऐकू आलं. हो, डर गई. घाबरले होते मी. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही. धीट माणसाचं कौतुक करायला सगळा गाव येतो, भित्र्या माणसाचं कुणी करत नाही, आणि भित्रं माणूस घरी येतं. दरवर्षी पावसाळ्यात पेपरात बातमी असते, अमुक कुंडात तमुक वाहून गेला. कधी असं छापून आलंय का, की अमुक मुलगी काठावर बसून राहिली? पाचच्या गाडीची शिट्टी दरीतून ऐकू आली तेव्हा शांता हमसून हमसून रडली. मी रडले नाही. मी माझ्या नावाचं कॉलेजच्या हजेरीबुकातलं पान डोळ्यांसमोर आणत होते, आणि रागानं माझे दात वाजत होते.

म्हशी घ्यायला सकाळचीच ती बाई आली. झमकूबाई तिचं नाव. तिचं झोपडं याच काठाला, वरच्या अंगाला होतं; पाणी चढायच्या आतच ती भारा घेऊन परतली होती. आम्हाला बघून सकाळचं तिनं काढलं नाही. फक्त म्हणाली, “पेलां जाणवर उतरे, फेर मनख. तम बैठी गी, अच्छो कर्यो.” आधी जनावरं उतरतात, मग माणसं. तुम्ही बसून राहिलात, चांगलं केलंत. त्या दिवशी मला शाबासकी देणारी ती एकटी. तिनं आम्हाला घरी नेलं, मक्याची भाकर आणि मिरची दिली, आणि ओढ्याच्या काठाला पाण्याला टेकून तीन दगड ओळीनं कसे मांडायचे ते दाखवलं. खालचा भिजला की पिशवी उचला, मधला भिजला की वर चढा, तिसऱ्याची वाट बघू नका. धबधब्याकडे पाठ करून बसू नका. डोक्यावरचा ढग बघू नका, डोंगरामागचा बघा. इतकंच शास्त्र. मोठमोठ्या कॉलेजात मी पुढे शिकले आणि शिकवलंही, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं उपयोगाचं कुणी शिकवलं नाही.

सकाळी ओढ्याला पुन्हा घोट्याएवढं पाणी. सात-आठ दगड निवांत उन्हात. शांतानं त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे असं काही पाहिलं की बस. ती पुढे उज्जैनला दिली, तिला नातवंडं झाली, पण शेवटपर्यंत म्हणायची, “गुडघाभर पाणी होतं गं कुमे. उगाच बसवलंस.” असेल. मी नाही म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही आणि मला तो नकोच होता.

दुपारी घरी पोचले. बोळात शिरताना पहिली दिसली ती दोरी. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर काथ्याची जाड दोरी वाळत घातलेली, आणि तिच्या टोकाला गळ. विहिरीत बादली पडली की काढतात तो, चार आकड्यांचा. आईनं मला पाहिलं आणि ती जिन्यातच बसली. मग तिच्याकडून कळलं. दिवे लागल्यावर चारी घरांची माणसं निघाली. गावातल्या सगळ्या बागा पालथ्या घातल्या. कुठे शोधायचं तेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, पाण्यावर खेळायला गेल्या असतील, एकीचा पाय घसरला असेल, बाकीच्या काढायला गेल्या असतील. आणि अण्णांनी स्वतः, स्वतःच्या हातांनी, जवळच्या दोन बावड्यांत, पायऱ्यांच्या विहिरींत, गळ टाकून पाहिला.

अण्णा आत खाटेवर बसले होते. सोमवार होता आणि ते दफ्तरात गेले नव्हते. दोन्ही तळहातांचं दोरीनं साल गेलेलं. मला वाटलं होतं मी पाया पडेन. पण तो गळ बघून माझं डोकंच फिरलं.

“तुम्ही मला विहिरीत शोधलंत?”

“मग कुठे शोधायचं होतं?” त्यांचा आवाज बसला होता.

“वेळ विचारलीत. जागा का नाही विचारलीत?”

“निघणाऱ्याला कुठे म्हणून विचारत नाहीत.”

“आणि म्हणून विहिरीत गळ टाकतात?”

आईनं तोंडावर हात दाबला. असं अण्णांशी आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं, दफ्तरात तर नाहीच नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे घातले. मग म्हणाले, “उद्या नाव काढून आणतो.”

मी म्हटलं, “काढा. पण कशासाठी काढताय ते ऐकून घ्या. मी जागा सांगितली नाही, ते माझं चुकलं. मुद्दाम नाही सांगितली, म्हणजे दुप्पट चुकलं. त्याची माफी मागते. पण मी ओढा ओलांडला नाही, त्याची नाही मागणार. नाव काढलंत तरी नाही, जीव घेतलात तरी नाही. गाडीसाठी उतरले असते तर तुम्हाला गळ कामाला आला असता.”

“गुडघाभर पाणी असेल,” अण्णा म्हणाले.

“असेल. चला, दाखवते.”

आता हेडक्लार्क माणसाची गंमत बघा. तो रागावला तरी कागद पुरा केल्याशिवाय सही करत नाही. अण्णा उठले, साल गेलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, “ठीक आहे. मौका बघावा लागेल, जागेवर जाऊन. रविवारी.” तोवर कॉलेज बंद. सबंध आठवडा मी घरात बसून काढला. रोज सकाळी कॉलेजच्या वेळेला साडी नेसायची, वेणी घालायची, वह्या घेऊन खिडकीत बसायची, वेळ संपली की वह्या ठेवून द्यायची. अण्णा बघायचे. मी त्यांना बघू द्यायची.

रविवारी आम्ही दोघं निघालो. अण्णांची काळी टोपी, कोट, पायात पंपशू. आईनं त्यांच्या हातावर दही ठेवलं. त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि माझी आई, जिनं उभ्या आयुष्यात नवऱ्याला उलट प्रश्न केला नव्हता, उंबऱ्यातून मोठ्यानं म्हणाली, “कुठे चाललात?”

अण्णा दगड झाले. समोरच्या घरातली बाई सडा टाकता टाकता थांबली. “अगं, काय बोलतेस?” ते पुटपुटले.

“मला जागा सांगून जा. वाटही सांगा. मागच्या वेळेसारखं मला सोसणार नाही परत.”

ते परत आत आले. खाली बसले, पाणी प्यायले. आणि मग दफ्तरात वाचून दाखवावं तसं, स्टेशन, पायवाट, पाडा, ओढा, कुंड, सगळं माझ्याकडून विचारून घेऊन त्यांनी आईला सांगितलं. आईनं ते त्यांच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मला मात्र तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली, आणि मारली नाही याचं अजून वाईट वाटतं.

पाताळपाणीपर्यंत अण्णा दर स्टेशनाला घड्याळ काढून गाडीची वेळ ताडून बघत होते. ओढ्यापाशी आलो. घोट्याएवढं पाणी, स्वच्छ, तळाचे खडे मोजून घ्यावेत असं. अण्णांनी पंपशू हातात घेतले, चार ढांगांत पलीकडे गेले आणि वळून म्हणाले, “हा? हा तुझा ओढा?”

मी त्यांच्यामागोमाग पलीकडे गेले. काठाला तीन दगड मांडले. “हे काय?” त्यांनी विचारलं. “बसा,” मी म्हटलं. आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. अण्णांनी धबधबा पाहिला, खिशातलं घड्याळ पाहिलं, पुन्हा धबधबा पाहिला. डोंगरामागे करड्या रंगाचा एक पट्टा होता. आमच्यावर लख्ख ऊन. मला खरंच माहीत नव्हतं काय होईल ते. काही झालं नसतं तर मी खोटी ठरले असते आणि माझं नाव कटलं असतं. तरीही, देवाशपथ सांगते, पाणी चढावं अशी मी प्रार्थना केली नाही. मी फक्त दगडांकडे बघत होते.

सव्वातीनला खालचा दगड भिजला. काडी, पान, मग फेस. अण्णा बोलता बोलता थांबले. उतरायचे दगड एकेक करून बुडाले, आणि इतक्या थोड्या वेळात बुडाले की तेवढ्यात माणसाची टोपी घालून होते. पाणी लाल झालं आणि तो घोगरा आवाज आला. अण्णा उठून काठाशी गेले. घड्याळ पाहिलं. पाचची गाडी होती, सोमवारी दफ्तर होतं, आणि मागच्या सोमवारचा खाडा त्यांच्या मनाला अजून लागून होता. त्यांनी धोतर वर घेतलं, पंपशू काखेत मारले आणि एक पाय पाण्यात घातला.

“अण्णा, नका.”

“गुडघाभरच आहे.”

“असेल. मी येणार नाही. तुम्ही गेलात तर एकटे जाल.”

ते तसेच उभे राहिले, एक पाय पाण्यात, एक बाहेर. काखेतला एक पंपशू सुटला, पाण्यात पडला, आणि आम्ही दोघांनी तो कुठे जातो ते पाहिलं. वळणापर्यंत जायला त्याला काहीच वेळ लागला नाही.

अण्णांनी पाय बाहेर काढला. माझ्याशेजारी येऊन बसले, धबधब्याकडे तोंड करून. टोपी काढून मांडीवर ठेवली. सगळं डोकं घामानं भिजलं होतं. उरलेला पंपशू त्यांनी नीट बाजूला ठेवला. पाचची शिट्टी ऐकू आली आणि विरली. त्यानंतरही किती तरी वेळ ते पाण्याकडे बघत होते.

“उद्याचं माझं दफ्तर बुडालं,” ते म्हणाले.

मी मधल्या दगडाकडे पाहिलं.

“आणि तुझं उद्याचं कॉलेज. परवापासून जा.”